यादीबाहेरचा माल

मुखरूभाऊ पिंपळशेंडे चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, बारुदाच्या सेक्शनमध्ये चार्जमन होते आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. याचं श्रेय ते देवाला देत नसत आणि नशिबालाही देत नसत. ते म्हणत, "मी भेत होतो, म्हनून वाचलो."

भीती हा त्यांच्या मते शाळेत शिकवण्यासारखा विषय होता. घरातून निघताना गॅसचं बटण ते तीनदा बघत आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघत. घरात दिवाळीला फटाका आला नाही. मुलगी दिव्यानी सातवीत गेल्यावर एक फुलझडी आली, तीसुद्धा वाळूच्या दोन बादल्या अंगणात मांडल्यावर. भद्रावतीच्या ज्या लेआउटमध्ये त्यांनी घर बांधलं तिथले लोक त्यांना मागून घाबरट म्हणत, पण कुणाकडे गॅसचा वास आला की समोरून हाक मात्र त्यांनाच मारत.

अशा माणसाने एका शनिवारी दुपारी, पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून, आपल्या पोटच्या मुलीचा लॅपटॉप निकामी केला.

सगळ्याची सुरुवात रस्त्यावरच्या दिव्यापासून झाली. नाल्याकडच्या वळणावरच्या खांबावरचा दिवा महिनाभर बंद होता आणि त्याच वळणावरून गोपालरावांचं कुत्रं बिबट्याने उचललं होतं. गोपालराव म्हणजे शेजारी. फॅक्टरीत मुखरूभाऊंच्या हाताखाली वीस वर्षं काढलेले. कुत्रं गेल्यापासून संध्याकाळी सहानंतर लेआउट ओस पडू लागला. मुखरूभाऊंनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, खाली अठरा घरांच्या सह्या घेतल्या आणि नगरपरिषदेच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या बाबूने तो बोटाने परत सरकवला.

"टाइप करून आना. हातानं लिहिलेलं चालत नाई."

"काऊन?"

"सिस्टीममधे चढवा लागते."

बिबट्या काय टाइप केलेला अर्ज वाचून परत जाणार आहे, असं सणसणीत उत्तर मुखरूभाऊंना सुचलं. पण ते घरी पोचून चप्पल काढताना सुचलं. त्यांची बहुतेक उत्तरं तिथेच सुचत.

दिव्यानी तेव्हा घरी आलेली होती. ती धानोऱ्याच्या कॉलेजात शिकवायची आणि पीएचडी करायची. जंगलातले कंद, पालेभाज्या, अळिंब्या, झाडांच्या साली यांची नावं आणि उपयोग ती म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकून आवाजात भरून ठेवत होती. तीन वर्षं धानोऱ्यापलीकडची गावं पायी, सायकलीने, मिळेल त्या गाडीने फिरून तिने दोनशे बारा आवाज जमवले होते. घरात सगळे त्यांना 'आज्या' म्हणत. त्यातल्या काही आज्या आता हयात नव्हत्या, आवाजच होता. सोमवारी नागपूरला प्रबंध आणि सगळे आवाज जमा करायचे होते. त्याआधी शुक्रवारी तिच्या मार्गदर्शक सरांना शेवटचं प्रकरण दाखवायचं होतं. सर फक्त कागदावर आणि फक्त लाल पेनाने वाचत, त्यामुळे रविवारी परत येते म्हणून दिव्यानी कागदांचा गठ्ठा घेऊन निघाली आणि लॅपटॉप घरी राहिला.

"तुमचा अर्ज याच्यावर टाइप करा बाबा," ती म्हणाली. "मराठी टायपिंग याच्यात नाई. ते टाका लागन."

तिच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. फुकटचं असतं आणि जुन्या यंत्रावर बिनतक्रार चालतं, म्हणून. त्यात नवीन काही हवं असेल तर एक काळी खिडकी उघडून त्या वस्तूचं नाव लिहायचं. मग यंत्र ती वस्तू इंटरनेटवरून स्वतः मागवून घेतं आणि तिला लागणारे सोबतीही बरोबर आणतं. या वस्तूला पॅकेज म्हणतात. दिव्यानीने वहीच्या पानावर तीन ओळी आणि पासवर्ड लिहून दिला.

"हे जसंच्या तसं लिहा. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाईत, तरी टाका. आनि बाबा, बाकी कशाले हात नका लावू. माह्या आज्या याच्यातच आहेत."

"मले सांगतं?" मुखरूभाऊ दुखावले. "मी चौतीस वर्षं..."

"हो, माहीत आहे," म्हणून ती बसला पळाली.

त्या दुपारी मुखरूभाऊंनी हात धुऊन, पाट मांडून, लॅपटॉपसमोर बैठक मारली. फॅक्टरीत एकट्याने काम करायची मनाई होती, म्हणून मेथी निवडत बसलेल्या बायकोला, रुखमाबाईंना त्यांनी साक्षीला घेतलं. पहिली ओळ लिहिली. यंत्राने पासवर्ड मागितला. ते एकेक बटण दाबत गेले आणि पडद्यावर काहीही उमटेना. आंधळ्याने कोठडीत चालावं तसं त्यांना झालं. तरी एंटर मारलं, आणि काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळींचा लोंढा सुरू झाला.

"अवो, एवढा माल कोनी मागवला?" रुखमाबाईंनी विचारलं.

"एक मागवला, अकरा आले."

"लग्नाचे पाव्हने हायेत का काय!"

लोंढा थांबला. यंत्राने विचारलं की पुढे चालू ठेवायचं का. मुखरूभाऊंनी तो प्रश्न मोठ्याने वाचला, त्याचं मराठी करून वाचला आणि बायकोकडे बघितलं.

"मंग ठेव म्हना ना! मले भाजी टाकाची हाय."

त्यांनी होकाराचं बटण दाबलं. पुढची दोन मिनिटं त्यांनी श्वास किती घेतले हे मोजता आलं असतं. पण काही फुटलं नाही, काही जळलं नाही. मराठी टायपिंग आलं. 'बिबट' हा शब्द लिहायला अकरा मिनिटं लागली आणि पूर्ण अर्जाला साडेतीन तास, पण संध्याकाळी तो बाबूभाईंच्या दुकानातल्या प्रिंटरमधून सरळ, काळाभोर, सरकारी दिसेल असा बाहेर आला, सोमवारी कार्यालयात द्यायला तयार. बाबूभाईंचं दुकान कोपऱ्यावर होतं. झेरॉक्स, रिचार्ज आणि अख्ख्या लेआउटचं इंटरनेट त्यांच्याकडून चाले, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

"क्या बात है मुखरूभाऊ," ते म्हणाले. "तुमी तं इंजिनेर होऊन गेले!"

नुकसान झालं ते या वाक्याने. आयुष्यात पहिल्यांदा मुखरूभाऊंची भीती तोळाभर कमी झाली.

शनिवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. काल अर्ज लिहिण्याच्या नादात त्यांनी एक ओळ वहीत उतरवून ठेवली होती. यंत्राने सगळं झाल्यावर शेवटी म्हटलं होतं, की खालील पॅकेजेस आपोआप आली होती आणि आता त्यांची गरज उरलेली नाही. काढायची असतील तर अमुक लिहा. खाली तेवीस नावं होती. 'गरज उरलेली नाही' हे शब्द मुखरूभाऊंना जरा लागलेच. त्यांना निदान जाताना शाल तरी मिळाली होती.

इथे फॅक्टरीचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. बारुदाच्या प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी असते. आत माणसं किती, माल किती, हत्यारं कोणती, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. पाटीवर नाही ती वस्तू आत नको. मग ती पितळी पाना असो की कुणाच्या खिशातला कंगवा. वस्तू निरुपद्रवी आहे का हे बघत बसायचं नसतं. तिचं तिथे काम काय, हे कुणाला सांगता आलं नाही, तर ती बाहेर. मुखरूभाऊंनी हा नियम चौतीस वर्षं पाळला आणि इतरांना पाळायला लावला. त्यामुळे गरज नसलेल्या तेवीस वस्तू मुलीच्या आज्यांशेजारी पडून आहेत हे कळल्यावर त्यांना सकाळचा चहा गेला नाही. आज्या धोक्यात होत्या आणि ते नुसते बसून होते.

ओसरीवर बैठक बसली.

"न लागनारा माल खोलीत ठेवाचा नाई, हे तुमीच तं आमाले शिकवलं," गोपालराव म्हणाले.

"मोबाइल का भी ऐसाच हाय," बाबूभाईंनी दुजोरा दिला. "कचरा काढला की हलका होते, मस्त पळते."

तेवीस नावं गेली. यंत्राने खुशीत सांगितलं, इतकी इतकी जागा मोकळी झाली. गोपालरावांनी टाळी वाजवली. इथे थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती, पण बाबूभाईंना शोधून शोधून एक आज्ञा सापडली. ती लिहिली की यंत्रात असलेल्या सगळ्या पॅकेजेसची यादी येते. यादी आली. एक हजार आठशे बेचाळीस नावं.

एवढा माल? एका खोलीत? आणि दारावर पाटी नाही!

मुखरूभाऊंनी चौरेघी वही काढली, रेघा मारल्या, रकाने पाडले. नाव, काम, जामीन कोण. तिघांपैकी ज्या कुणाला एखाद्या नावाचं काम सांगता येईल, तो त्याचा जामीन. प्रिंटरवाल्यांना बाबूभाई जामीन राहिले. आवाजाशी काहीही संबंध दिसला की मुखरूभाऊ स्वतः जामीन राहिले, कारण आज्यांना आवाज लागणार. पत्त्यांच्या खेळाला गोपालरावांनी जामीन राहायची तयारी दाखवली, ती नामंजूर झाली. पत्ते गेले. पोर्तुगीज भाषेचा शब्दकोश गेला. चार-पाच अनोळखी नावं एकेक करून गेली आणि यंत्र हूं की चूं न करता चालत राहिलं. बारा वाजले तरी तिघे जेवायला उठेनात. रुखमाबाई दोनदा बोलावून गेल्या.

मग पर्ल-बेस आलं.

"हे काय काम करते?" मुखरूभाऊंनी विचारलं.

गोपालरावांना माहीत नव्हतं. बाबूभाईंनी मान वर करून बराच विचार केला आणि म्हणाले, "नाम तो सुना नै कबी."

जामीन नाही, म्हणजे बाहेर. मुखरूभाऊंनी काढायची आज्ञा लिहिली. या वेळी लोंढा निराळाच आला. काय काय जाणार त्याची नावं पडदाभर, मग आणखी पडदाभर, आणि वाचायच्या आत वर पळून गेली. शेवटी यंत्र थांबलं आणि म्हणालं: तुम्ही काहीतरी घातक करायला निघाला आहात. तरीही करायचं असेल, तर पुढचं वाक्य जसंच्या तसं टाइप करा. 'येस, डू ॲज आय से!' म्हणजे, हो, मी सांगतो तसं कर!

दुसरा कुणीही इथे लॅपटॉप मिटून पळाला असता. पण मुखरूभाऊ आणि गोपालराव दोघंही बारुदाचे. 'धोका' ही पाटी ज्या दारावर नाही असं दार त्यांनी नोकरीभर बघितलेलं नव्हतं. लाल अक्षरं वाचायची, सांगितलेली कृती जशीच्या तशी करायची आणि आत जायचं, ही रोजची हजेरी होती. धोक्याच्या सूचनेचा अर्थ त्यांच्या लेखी 'परत फिरा' असा नव्हता. तिचा अर्थ होता 'नीट करा'.

"पाटी लावून हाय म्हन्जे पद्धत बी हाय," गोपालराव म्हणाले. "लिहा."

शिवाय दुसरंही एक होतं, आणि ते मुखरूभाऊंनी नंतरही कुणाला सांगितलं नाही. 'मी सांगतो तसं कर' हे वाक्य त्यांना आजवर कुणी बोलू दिलं नव्हतं. फॅक्टरीत वरून आलेलं खाली सांगायचं असे, घरात रुखमाबाईंनी सांगितलेलं ऐकायचं असे. आज एक यंत्र आपणहून विनंती करत होतं, की एकदा म्हणाच.

त्यांनी वाक्य लिहिलं. पहिलं अक्षर मोठं हवं होतं, ते लहान पडलं. यंत्राने काम रद्द केलं. त्यांनी पुन्हा सुरू केलं. या वेळी स्वल्पविराम राहिला. रद्द. तिसऱ्यांदा उद्गारचिन्ह विसरलं. रद्द. यंत्र तीन वेळा त्यांच्या पाया पडलं असंच म्हणायचं. चौथ्यांदा मात्र त्यांनी बोट ठेवून एकेक चिन्ह तपासलं, गोपालरावांकडून वाचून घेतलं आणि एंटर मारलं.

ओळी धावू लागल्या. काढतो आहे, काढतो आहे, काढतो आहे. पडद्यावरची चित्रं गेली. कडेची पट्टी गेली. बाण गेला. मग ओळीही थांबल्या. मुखरूभाऊंनी बटण दाबून यंत्र बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली आणि त्यापुढे काहीच झालं नाही.



"मले बीपीची गोळी घ्याची हाय," गोपालराव उठले.

"दुकान खुला छोड के आया," बाबूभाईही उठले.

बारुदाच्या खोलीत मुखरूभाऊंना भीती वाटायची ती काहीतरी होईल याची. झालेल्याची भीती काय असते हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळत होतं. दोनशे बारा. त्यातल्या एकीसाठी पोरीने पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडला होता आणि हे ऐकल्यावर त्यांनी तिला फोनवर अर्धा तास रागावलं होतं.

"काय झालं जी?" रुखमाबाई दारात आल्या.

"काई नाई. झोपलं हाय ते."

"ते झोपलं, तं तुमी काऊन घामानं न्हाऊन राह्यले?"

याचं उत्तर चप्पल काढतानाही सुचलं नसतं.

मुखरूभाऊ बाबूभाईंच्या दुकानात गेले. बाबूभाई आधी त्यांच्या नजरेला नजर देईनात. मग जरा सावरून त्यांनी उपाय सांगितला. चंद्रपुरात बसस्टँडमागच्या गल्लीत धम्मदीप नावाचा मेकॅनिक आहे, हुशार आहे.

"बीस मिनिट में नवा कोरा करून देते. बेटी को पता भी नै चलेगा."

पता भी नै चलेगा. हे चार शब्द मुखरूभाऊंनी बसमध्ये बसल्यावर बावीस वेळा मनात घोळवले. लॅपटॉप त्यांनी रुखमाबाईंच्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि बसने गचका दिला की दोन्ही हातांनी पोटाशी धरत होते. शेजारच्या बाईने विचारलं, "काका, लेकरू हाय का?" मुखरूभाऊ म्हणाले, "आज्या हायेत." बाई पुढच्या थांब्याला दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

धम्मदीपच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही एवढं सामान होतं, पण माणूस शांत होता. त्याने लॅपटॉप उघडला, लुकलुकणारी रेघ बघितली, काय केलं ते विचारलं. मुखरूभाऊंनी सांगितलं. त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा यंत्राकडे बघितलं.

"काका, याचा तं पायाच काढून टाकला तुमी. नवीन टाकून देतो. आतला डाटा लागते का?"

मुखरूभाऊंना प्रश्न पूर्ण समजला होता. डाटा म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे उद्याची दिव्यानी उभी होती, आणि 'मले सांगतं?' असं तोऱ्यात म्हणणारे ते स्वतः उभे होते. यंत्र चालू दिसलं तर निदान उद्याचा दिवस सरेल. आज्या कुठे गेल्या ते तिचं तिलाच कळणार नाही, यंत्रानेच खाल्ल्या म्हणता येईल.

"नाई लागत," ते म्हणाले.

धम्मदीपने एक पेनड्राइव्ह खोचला. पडद्यावर काही प्रश्न आले, त्याने भराभर उत्तरं दिली. शेवटी बोट एका बटणावर ठेवून तो सवयीने म्हणाला, "पक्कं ना काका? याच्यानंतर आतलं काईच राहनार नाई."

मुखरूभाऊंच्या तोंडून आवाज फुटला नाही. हातच पुढे गेला आणि धम्मदीपच्या मनगटावर असा पडला की बाजूच्या डब्यातले स्क्रू गल्लीपर्यंत उडाले.

"थांब!" आवाज मागाहून आला. "लागते! सगळं लागते!"

"काका, हात मोडता का?"

स्क्रू वेचायला मुखरूभाऊ गुडघ्यावर बसले आणि तिथेच, काउंटरखाली, त्यांनी सगळं सांगितलं. आज्या, सोमवार, नाला, पर्ल-बेस. धम्मदीपने मनगट चोळत ऐकून घेतलं. तो म्हणाला, "मंग मी हात लावत नाई. फाइली आत असतीन बहुतेक. पन ज्याचं हाय त्याच्या हातूनच उघडलं पाहिजे."

बहुतेक! बारुदाच्या सेक्शनमध्ये हा शब्द उच्चारणाऱ्याला घरी पाठवत असत.

बसस्टँडवरून त्यांनी फोन लावला. दिव्यानीने हॅलो म्हटल्यावर ते एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. 

"काय काय काढलं बाबा?"

"पर्ल-बेस."

मग त्यांनीच घाईने विचारलं.

"तू दुसरीकडं ठेवून असशीन ना काई? एखादी कापी?"

"बंद ठेवा. चालू करू नका, हात लावू नका, कोनाले लावू देऊ नका. उद्या सकाळी येते." आणि फोन ठेवला.

पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं, असं मुखरूभाऊंना परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं. घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप देवघराच्या फळीवर ठेवला, समोर खुर्ची टाकली आणि कुणालाही त्या बाजूला फिरकू दिलं नाही. रुखमाबाईंनाही उदबत्ती दुसऱ्या खोलीतून लावावी लागली.

रविवारी साडेदहाला दिव्यानी आली. चहा नको म्हणाली. लॅपटॉप टेबलावर घेतला, पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढून खोचला आणि खुर्चीत बसली. मुखरूभाऊ दारात उभे राहिले. रुखमाबाई त्यांच्या मागे. यंत्र पेनड्राइव्हवरूनच चालू झालं. रंग आले, चित्रं आली. दार उघडावं तसं एकेक उघडत दिव्यानी आत गेली. 

'आज्या' नावाचा फोल्डर होता. तिने तो उघडला आणि खाली खाली सरकत गेली. ओठ हलत होते, ती मोजत होती.

"दोनशे बारा," ती म्हणाली.

मग तिने यादीतला अगदी शेवटचा आवाज लावला. आधी कोंबडी ओरडली. मग भांड्याचा आवाज आला. मग एक खरखरीत, खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला, "पयले च्या पी वो बाई. मंग विचारजो काय विचाराचं ते. अळिंबी कुठी पळून नाई जात." आणि त्यावर पडवीतल्या पाच-सहा बाया हसल्या.

दिव्यानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलू लागले. मुखरूभाऊंना वाटलं हसते आहे, म्हणून तेही हसायला गेले, आणि मग बघितलं तर ती रडत होती.

"बाकी सगळे माह्यापाशी तीन ठिकानी होते," डोळे पुसत ती म्हणाली. "सरांकडे, धानोऱ्याच्या कपाटात आनि माह्या मैत्रिनीकडे, रंजीताकडे. दसऱ्यापर्यंतचे. दसऱ्यानंतर चार घेतले ते फक्त इथीच होते. ही मुरूमगावकडची आजी, मी जाऊन आली अन् आठ दिवसांनी वारली."

"मंग फोनवर काऊन नाई सांगितलं, की दोनशे आठ आहेत म्हनून? मी रातभर..."

"सांगितलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं, आता काई भेवाचं काम नाई. आनि मंग दुरुस्त करून पाह्यलं असतं."

हे इतकं खरं होतं की मुखरूभाऊंना रागही आला नाही. रुखमाबाईंना मात्र हसू आलं, ते त्यांनी पदरात घेतलं.

इथे विषय संपला होता. सगळं मिळालं होतं, कुणी काही विचारत नव्हतं. पण मुखरूभाऊ दारातून हलेनात.

"दिव्यानी," ते म्हणाले. "त्या दुकानात त्यानं विचारलं, आतला डाटा लागते का. मी पयले नाई लागत म्हटलं. तुले कळन नाई म्हनून."

रुखमाबाईंचं हसू थांबलं. दिव्यानी बापाकडे बघत राहिली. हे सांगायची काहीच गरज नव्हती हे तिघांनाही कळत होतं. पण सांगितलं नसतं तर ते आत पडून राहिलं असतं.

"मंग?" तिने विचारलं.

"मंग त्याच्या हातावर मारलं."

तिने वळून पिशवीतून दुसरा, कोरा पेनड्राइव्ह काढला. दोनशे बारा आवाज त्याच्यावर उतरायला पंचवीस मिनिटं लागली. उतरून झाल्यावर तिने तो काढला, हातात धरला आणि बापापुढे केला.

"हा तुमच्यापाशी राहू द्या बाबा."

मुखरूभाऊ एक पाऊल मागे सरले. "माह्यापाशी? एवढं झाल्यावर? सरांकडे दे. रंजीताकडे दे."

"त्यांच्याकडेबी देईन. पन तुमच्याइतकं भेऊन कोनी सांभाळनार नाई."

त्यांनी तो घेतला. नखाएवढी वस्तू, इतकं जड त्यांनी फॅक्टरीतही काही उचललं नव्हतं. तो शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं, मग बटण पक्कं लागलं का ते बघितलं. रुखमाबाईंनी पानं मांडली. तिघे जेवायला बसले. भाजी बरी झाली होती, पण मुखरूभाऊंनी ती दुसऱ्या हाताने पुन्हा वाढून घेतली नाही आणि भाकरी मोडायलाही तो हात लावला नाही. जेवण होईपर्यंत त्यांचा डावा हात खिशावरच होता.